बांधावरच्या तीन चिंचा

सोमवारी कोर्टाची जेवणाची सुट्टी झाली होती. मी टेबलावर डबा उघडला तेवढ्यात एक बाई समोर येऊन उभी राहिली. हातात औषधाच्या दुकानातली पिशवी, तिच्यात घडी घालून घालून मऊ पडलेला सात-बारा. तिनं टायपिंगचा दर विचारला नाही. म्हणाली, "ताई, तुम्ही रोज हितं बसता. खरं सांगा, बाईमाणसानं कोर्टाची पायरी चढावी का?"

मी तिला बाकावर बसवलं, अर्धी भाकरी दिली आणि आमची गोष्ट सांगितली. सुट्टी संपत आली होती म्हणून घाईघाईत सांगितली. इथं नीट लिहिते.

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात, तालुक्याच्या गावी, मी कोर्टाबाहेर टायपिंग करते. दावे, कैफियती म्हणजे दाव्याला दिलेली लेखी उत्तरं, प्रतिज्ञापत्रं, नकलेचे अर्ज. पण या आवारात मी पहिल्यांदा आले ती टायपिस्ट म्हणून नाही. वादी नंबर २ म्हणून आले. वादी नंबर १ माझी आई, वादी नंबर ३ माझा ११ वर्षांचा भाऊ. त्याच्या नावापुढं दाव्यात लिहिलं होतं "अज्ञान, पालनकर्ती आई". अज्ञान म्हणजे वयानं लहान.

वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते. आमच्या भागातल्या घराघरातला एक माणूस तिकडं पाठीवर गोणी वाहतो, तसे तेही. गावाकडं वडिलोपार्जित आठ एकर रान, ते थोरले चुलते बघायचे. त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. आजोबांना हे दोनच मुलगे, आत्या नाही. वडील दर महिन्याला पैसे पाठवायचे, त्या पैशांतूनच विहीर पडली, पाइपलाइन झाली. २०१० साली वडील गेले. वर्षश्राद्ध झालं आणि आण्णांनी आमची चूल वेगळी करून दिली. रान मात्र दिलं नाही.

आईनं विचारलं तेव्हा आण्णा म्हणाले, "सात-बाऱ्यावर नाव कुणाचं हाय ते बघून ये." नाव त्यांचंच होतं.

मग आई सगळीकडं गेली. भावकीतल्या वडीलधाऱ्यांकडं गेली, पोलीस पाटलांकडं गेली, तंटामुक्ती समितीपुढं गेली. समितीच्या बैठकीला आण्णा दोनदा आलेच नाहीत, तिसऱ्यांदा आले आणि "बघू" म्हणून उठून गेले. समितीतल्या माणसांनी मनापासून प्रयत्न केले, पण न येणाऱ्याला आणायची ताकद त्यांच्याकडं नव्हती. आई शेवटी म्हणाली, मी कोर्टात जाते. तेव्हा भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं तिला ती म्हण ऐकवली: शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.

ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की ती ज्याच्या हातात काही नाही त्यालाच ऐकवतात. ताबा आण्णांकडं, सात-बारा आण्णांच्या नावावर, विहिरीवरच्या मोटारीची किल्ली आण्णांच्या कमरेला. त्यांना पायरी चढायची गरजच नव्हती. चढायची होती ती आईला, आणि तिलाच शहाणपण शिकवलं जात होतं.

पण पैसे नव्हते हेही खरं. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होती, मी बारावी करून घरी बसले होते. एका वकिलांकडं गेलो, त्यांनी फी सांगितली. ती अवाजवी नव्हती. आमच्या आवाक्यातली नव्हती, एवढंच.

२०१२ च्या सुरुवातीला गावात मारुतीच्या देवळात कायदेविषयक शिबिर झालं. तालुक्याचे न्यायाधीश स्वतः आले होते. आम्ही न्यायाधीश कधी बघितलाच नव्हता. ते सभामंडपात सतरंजीवर बसलेल्या बायकांशी साध्या मराठीत बोलले. म्हणाले, वकील परवडत नाही म्हणून कुणाचा हक्क बुडू नये यासाठी १९८७ चा कायदा आहे, विधी सेवा प्राधिकरणाचा. अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग, कारखान्यातले कामगार, कोठडीतले लोक, पूर-भूकंपात सापडलेले, यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची अट आहे. आणि मग ते म्हणाले, "स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अट नाही."

आई मागच्या खांबाला टेकून बसली होती. ती उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "साहेब, आन् फी? पुढनं मागं वकील मागणार न्हाई न्हवं?"

"नाही. वकिलांना समिती देते. तुम्ही द्यायचे नाहीत."

तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय कोर्टाच्याच इमारतीत असतं, हे आज मी रोज कुणाला ना कुणाला सांगते. तेव्हा आम्हाला ते शोधायला अर्धा दिवस लागला. एका पानाचा अर्ज, सोबत रेशन कार्डाची आणि सात-बाऱ्याची झेरॉक्स. अर्जाला तिकीट नाही, फी नाही. पंधरा-वीस दिवसांनी पत्र आलं, त्यात पॅनेलवरच्या, म्हणजे समितीच्या यादीतल्या, वकिलांचं नाव.

गावात लोक म्हणायचे, फुकटचा वकील काय काम करणार. ती भीती आम्हालाही होती. आज इतकी वर्षं या आवारात काढल्यावर सांगते, पॅनेलवरचे सगळे वकील एकसारखे नसतात, जसे खासगी वकीलही नसतात. काम होत नसेल तर समितीकडं अर्ज करून वकील बदलून मागता येतो, हे लक्षात ठेवावं. आमच्या वाट्याला आलेले वकीलसाहेब तिशीतले होते, जुन्या मोटारसायकलवर यायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी आईला गट नंबर विचारले नाहीत. "रान दाखवा" म्हणाले, आणि पुढच्या रविवारी स्वतः बांधाबांधानं फिरले.

मग ते तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गेले आणि जुने फेरफार, म्हणजे सात-बाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढून घेतले. १९८३ साली आजोबा वारल्यावरचा फेरफार निघाला. त्यात आण्णांच्या नावापुढं तीन अक्षरं होती: ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव एकट्याचं लागलं होतं, पण ते घरातला कर्ता म्हणून, सगळ्यांच्या वतीनं. पुढं कधीतरी सात-बारा नव्यानं लिहिताना ती अक्षरं गळून गेली आणि नुसतं नाव उरलं. वकीलसाहेबांनी तो कागद आईपुढं ठेवला, तिथं बोट ठेवलं आणि म्हणाले, "मावशी, आपला अर्धा दावा या तीन अक्षरांत आहे."

दावा दाखल केला, वाटप आणि स्वतंत्र ताबा मिळावा म्हणून. कोर्ट फीची मला धास्ती होती. तेव्हा कळलं, की महाराष्ट्र सरकारनं १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनं स्त्रियांना पोटगी, मालमत्तेचा वाद, अत्याचार आणि घटस्फोट या प्रकरणांत कोर्ट फी माफ केलेली आहे. ही माहिती मी आजही दाव्याच्या शेवटच्या परिच्छेदात टाइप करते, आणि दर वेळी समोरची बाई विचारते, "खरंच एक रुपया बी न्हाई?"

दावा मराठीत होता. हे लहान वाटेल, पण मला फार मोठं वाटतं. १९९८ पासून महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा कोर्टांची भाषा मराठी आहे. वकीलसाहेबांनी आईला अख्खा दावा वाचून दाखवला आणि तिनं दोन ठिकाणी थांबवून दुरुस्ती सांगितली. ज्या कागदावर आपण सही करतो त्यात काय लिहिलंय हे कळणं म्हणजे काय, ते इंग्रजी कागदावर आंगठा उठवलेल्या माणसाला विचारा.

दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज होता. कोर्टात त्याला सगळे निशाणी ५ म्हणतात. आण्णांनी रस्त्याकडेच्या वीस गुंठ्यांचा इसार घेतल्याचं गावात कानावर आलं होतं. दावा पाच-सात वर्षं चालणार आणि तोवर रान विकलं गेलं तर मग भांडायचं कशासाठी? म्हणून आधी निशाणी ५. बेलिफ समन्स घेऊन गावात आला, आण्णांच्या अंगणात उभा राहिला, त्यांची सही घेतली. तंटामुक्तीच्या बैठकीतून "बघू" म्हणून उठून गेलेल्या माणसाला आता उत्तर द्यावंच लागणार होतं. कैफियत द्यायला कायद्यात ३० दिवस असतात, कोर्ट कारण नोंदवून ९० पर्यंत वाढवून देतं. आण्णांनी वकील लावला, म्हणणं दिलं. दोन्ही बाजू ऐकून कोर्टानं हुकूम केला: दाव्याचा निकाल लागेपर्यंत जमीन विकायची नाही, गहाण टाकायची नाही. इसाराचा व्यवहार तिथंच थांबला. त्या रात्री आई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

आण्णांच्या कैफियतीत होतं, की १९९६ सालीच तोंडी ठरलं, धाकट्या भावानं रोख पैसे घेऊन हिस्सा सोडला. आई ते ऐकून आधी रडली, मग गप्प झाली. तिला वाटलं, मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही सांगितलं तर ते खोटं कसं ठरवणार?

खरा प्रसंग २०१५ चा. आईची साक्ष.

सरतपासणी, म्हणजे आपल्या बाजूनं सांगायची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर असते, ती दिली होती. उलटतपासणीला, समोरच्या वकिलांच्या प्रश्नांना, पिंजऱ्यात उभं राहायचं होतं. आई आदल्या रात्री झोपली नाही. पुकारा झाला, ती गेली, शपथ घेतली. न्यायाधीश तेव्हा एक मॅडम होत्या. त्यांनी आधी पट्टेवाल्याला स्टूल आणायला सांगितलं आणि आईला म्हणाल्या, "बसून सांगा. समजलं नाही तर पुन्हा विचारा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, त्यात चूक काही नाही."

समोरच्या वकिलांना दाखवायचं होतं, की या बाईला रानाची काही माहिती नाही, कुणीतरी शिकवून आणलंय. त्यांनी एकेक गट नंबर विचारायला सुरुवात केली. आईला नंबर येत नव्हते. ती म्हणाली, "आमी नंबरानं वळखत न्हाई साहेब. विहिरीचा तुकडा, टेकाचं रान आन् वड्याकडची पट्टी, असं म्हणतो." वकील म्हणाले, म्हणजे तुम्हाला सांगता येत नाही. मॅडमनी थांबवलं. प्रत्येक तुकड्याच्या चतुःसीमा आईला सांगायला लावल्या आणि कोणता तुकडा म्हणजे कोणता गट, ते नोंदवून घेतलं. आई सांगत गेली. कुणाचा बांध कुठं लागतो, वड्याचं पाणी कुठनं शिरतं, कोणत्या साली कुठं ज्वारी होती, वडिलांनी कुठल्या दिवाळीला पाइप आणले. तिला थांबवावं लागत होतं.

मग साक्ष तिला वाचून दाखवली. टायपिस्ट वाचत होत्या, आई मान डोलवत होती. एका जागी तिनं हात वर केला. "बाई, चिंचा दोन न्हवं. तीन हायती बांधावर."

अख्खं कोर्ट थांबलं. मॅडम म्हणाल्या, "तीन करा." आणि तीन झाल्या.

मी मागच्या बाकावर होते. वडील गेल्यापासून पाच वर्षांत आईनं जे काही सांगितलं ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. तिला गप्प बसवलं, समजावलं, हुसकावलं. इथं तिनं दोनाच्या तीन चिंचा सांगितल्या आणि सरकारी कागदावर दोनाच्या तीन झाल्या. दावा हरलो असतो तरी तो दिवस मी विसरले नसते. त्या दिवशीच मी ठरवलं, की हे काम शिकायचं. मराठी ३० शब्द प्रति मिनिटाची परीक्षा दिली, मग ४० ची, आणि कोर्टाबाहेरच्या टायपिस्ट काकांच्या हाताखाली बसले. काका थकल्यावर टेबल माझ्याकडं आलं.

निकाल डिसेंबर २०१७ ला लागला. तोंडी हक्क सोडल्याच्या मुद्द्यावर कोर्टानं लिहिलं, की स्थावर मालमत्तेतला असा हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, नुसत्या तोंडी बोलण्यानं तो सुटत नाही, आणि तसा दस्त प्रतिवादीनं दाखल केलेला नाही. ए.कु.मॅ. चा फेरफार ग्राह्य धरला. आम्हा तिघांचा मिळून अर्धा हिस्सा. मेलेल्या माणसाच्या नावावर सांगितलेलं कसं तपासायचं, याचं उत्तर कायद्यात आधीपासूनच होतं. आम्हाला माहीत नव्हतं, इतकंच.

आण्णांनी जिल्हा कोर्टात अपील केलं. तो त्यांचा हक्क होता. पण आम्हाला पुन्हा पोटात गोळा आला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणानं तिथंही वकील दिला.

उशीर लागतो, हे मी लपवणार नाही. दावा लावला तेव्हा भाऊ पाचवीत होता, शेवट झाला तेव्हा त्याला मिशा फुटल्या होत्या. मधल्या काळात न्यायाधीश बदलले, कधी समोरच्या वकिलांनी मुदत मागितली, कधी आमच्या. कितीतरी तारखांना एसटीचं भाडं खर्चून आलो आणि पुढची तारीख घेऊन गेलो, आईचा त्या दिवसाचा रोज बुडला. जागा रिकाम्या असतात, एका न्यायाधीशापुढं दिवसाला ढीगभर प्रकरणं लागतात, हे मी रोज बोर्डावर बघते. याबद्दल मला राग आहे, आणि तो कोर्टाबद्दलच्या प्रेमातूनच येतो. ज्याला दुसरीकडं कुठं दाद मिळत नाही, त्याला इथं लवकर मिळायला हवी. ई-कोर्ट्सचं ॲप आल्यावर निदान हेलपाटे कमी झाले. प्रत्येक प्रकरणाला मिळणारा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख फोनवर दिसते. आईनं तो नंबर देवघरातल्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता.

डिसेंबर २०१९ च्या राष्ट्रीय लोकअदालतीत अपील ठेवलं. हे मला तेव्हा आवडलं नव्हतं. जिंकलेलं असताना तडजोड कशाला? वकीलसाहेबांनी समजावलं. हुकूमनामा हिस्सा ठरवतो, पण पुढं कलेक्टर, तहसील, मोजणी, आणि प्रत्येक टप्प्यावर हरकत येऊ शकते. शिवाय विहीर एकच. तिचं काय करायचं? विहीर मधोमध कापता येत नाही.

पॅनेलवर न्यायाधीश, एक वकील आणि एक सामाजिक कार्यकर्त्या होत्या. मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, आण्णा आणि आई सात-आठ वर्षांनी समोरासमोर बसले. आण्णा म्हातारे झाले होते. पहिला अर्धा तास कुणी कुणाकडं बघितलं नाही. मग त्या कार्यकर्त्या बाईंनी विचारलं, "विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती दिवस टिकतं?" आण्णा म्हणाले, "मार्चपातूर." आई म्हणाली, "न्हाई, औंदा फेब्रुवारीतच उपसा संपला, भावजी." आणि बोलणं सुरू झालं.

ठरलं ते असं: टेकाचं रान आणि वड्याकडची अर्धी पट्टी आम्हाला, विहिरीचा तुकडा आण्णांकडं, पण विहीर सामाईक. पाणी चार दिवस त्यांचं, चार दिवस आमचं. विहिरीपर्यंत जायला आठ फुटाची वाट. हे सगळं लिहिलं, वाचून दाखवलं. भाऊ त्याच वर्षी १८ पूर्ण झाला होता, त्यानं स्वतः सही केली, पालनकर्ती म्हणून आईला करावी लागली नाही. सही करताना त्यानं नाव इतकं सावकाश लिहिलं की वकीलसाहेब हसले. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. आण्णांनी अपिलाला भरलेली कोर्ट फीसुद्धा परत मिळाली. बाहेर आल्यावर त्यांनी भावाला जवळ बोलावलं आणि कितवीला आहेस ते विचारलं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

मग मोजणी, पोटहिस्सा, मधे कोरोनाचे महिने. २०२१ साली वेगळा सात-बारा निघाला. १ हेक्टर ६० आर. भोगवटादारांत पहिलं नाव आईचं.

तिन्ही चिंचा आण्णांच्या बाजूला गेल्या. आईला त्याचं वाईट वाटलं. पण दर वर्षी मार्चमध्ये थोरल्या काकू फोडलेल्या चिंचेची पाटी भरून पाठवतात.

आता ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, आमचा सातारा जिल्हाही त्याच्याकडं आहे. आवारात अजून लोक त्याबद्दल बोलतात. ज्याचं प्रकरण हायकोर्टात गेलं त्याला आधी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठावी लागायची, तिथं उतरायचं कुठं हाही प्रश्नच. आता सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. आमचं प्रकरण तिथवर गेलं नाही, पण ज्यांचं गेलंय अशा बायकांचे अर्ज मी टाइप करते.

तर सोमवारची ती बाई. तिचे दीर तिला घरात राहू देत नाहीत. तिला मी नाझर ऑफिसच्या शेजारची विधी सेवा समितीची खोली दाखवली, अर्ज हातात दिला. घरून कुणाला फोन करायचा असेल तर १५१०० हा विधी सेवेचा नंबर तिच्याच पिशवीवर पेनानं लिहून दिला. गुरुवारी ती कागद घेऊन येणार आहे. तिला सांगितलंय: रेशन कार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, आणि जुने फेरफार मिळतील तेवढे सगळे, फाटके असले तरी. अकराच्या आत ये, नंतर पुकारे सुरू होतात आणि मला उठता येत नाही.